एक सवाल तुमचा, एक आमचा

अन्याय झाला तो फर्दापूरच्या अलीकडच्या एका मेंढपाळ वस्तीवर, आणि त्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यावर. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. इतकी नेमकी वेळ मला माहीत आहे, कारण फॉर्मवर ती मीच लिहिली होती. वेळेच्या खाली 'जमिनीचा सध्याचा वापर' असा प्रश्न होता आणि त्यापुढे चार चौकोन: शेती, वस्ती, सार्वजनिक, पडीक. मी चौथ्या चौकोनात बरोबरची खूण केली. पेनही माझंच होतं.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरंच ओरडणार आहे, आणि ओरडणाऱ्याने आपला हात तेव्हा कुठे होता ते पहिल्यांदा दाखवावं. हे मला त्या म्हाताऱ्याकडूनच कळलं.

आम्ही त्यांना 'सवालवाले बाबा' म्हणायचो. तुम्ही त्यांना काही विचारलंत की ते नीट, सावकाश, सगळं सांगायचे. मग उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. ते तुमच्याकडे रोखायचे, आणि हळूच वळवून स्वतःच्या छातीला लावायचे. "एक सवाल तुमचा झाला. आता एक आमचा." त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तुमचा दुसरा प्रश्न बंद. तुम्ही तलाठी असा नाहीतर परदेशी विद्यापीठाचे प्राध्यापक, नियम तोच.

आता प्राध्यापक तिथे कुठून आले ते सांगते. आमच्या शहरातल्या एका संस्थेचा डोंगराळ, थंड अशा एका देशातल्या विद्यापीठाशी सामंजस्य करार व्हायचा होता. विषय तीन: व्यवस्थापन, विकास अभ्यास आणि राजनयाचं प्रशिक्षण. राजनय म्हणजे दोन बाजूंनी डोकी न फोडता बोलणी कशी करावीत, त्याचं शिक्षण. त्यांची मुलं इकडे येणार, आमची तिकडे जाणार, आणि सगळे मिळून खेड्यांत जाऊन लोकांना प्रश्न विचारणार. मी विकास अभ्यासाची विद्यार्थिनी. दुभाषी म्हणून मला गाडीत घेतलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. चूक त्यांनी सुधारली, आणि सुधारणाऱ्याला पत्रकात टांगायचं नसतं, एवढं मलाही आता कळतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा श्रावण होता. माळ हिरवागार, झिऱ्याला पाणी, आणि जिकडे पाहावं तिकडे मेंढरं. गाडीत चौघं होतो: परदेशातून आलेल्या विकास अभ्यासाच्या बाई, आमचे व्यवस्थापनाचे सर, ड्रायव्हर आणि मी. बाबा घोंगडी अंथरून बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी आम्हालाच बसवलं, चहा आणवला, आणि बाईंच्या पहिल्या प्रश्नानंतर बोट वर केलं.

अर्ध्या तासाने ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, ये बाबा तो उल्टा अपना इंटरव्ह्यू ले रहे. और एक चाय बोल दूँ क्या?"

सरांनी विचारलं, "बाबा, एवढ्या मेंढरांचं नियोजन कोण करतं?" बाबांनी सांगितलं. मग बोट सरांकडे.

"तुमी पोरान्ला म्होरक्या व्हायचं शिकवता म्हनं. मंग सांगा, कळप सडक वलांडतो तवा मालकानं कुठं ऱ्हावं?"

सर हसले. हा तर त्यांचा धडाच होता. "सगळ्यात पुढे! नेतृत्व नेहमी पुढून करायचं असतं, बाबा."

"म्होरं जानती शेळी असती, सर. तिला रस्ता ठावं. मालक सगळ्यात मागं." बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "लंगडं मेंढरू मागंच ऱ्हातं ना."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. आज ते वर्गात शेळीचं उदाहरण देतात, आणि ते कोणाचं आहे तेही सांगतात. दुसऱ्या गोष्टीसाठी मला त्यांच्या खोलीत दोनदा जावं लागलं.

बाईंनी घराविषयी विचारलं. किती माणसं, पावसात कुठे, उन्हाळ्यात कुठे. बाबांनी दिवाळीनंतरची सगळी वाट सांगितली. मग त्यांचा सवाल:

"बाई, तुमी हिकडं आलात. तिकडं तुमच्या घराला कोन हाये?"

"कोणी नाही. कुलूप आहे. कुत्रा शेजारणीकडे ठेवलाय."

"किती दिस?"

"आठ महिने."

बाबांना काळजी वाटली. "आन् कुनी घुसलं म्हंजी?"

बाई हसल्या. "कोण घुसेल? माझं घर आहे ना ते."

"व्हय," बाबा म्हणाले. "तुमचंच हाये."

एवढंच. मी भाषांतर केलं आणि विसरून गेले. बाबा विसरले नाहीत.

शेवटी बोट माझ्याकडे वळलं. मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांचं म्हणणं असं की चहा पिणं हाही सवालच.

"पोरी, तू कुठली?"

"मुकुंदवाडीची. आजोबा सिल्लोडकडचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या निळ्या धाग्याकडे पाहिलं. "तुझ्या आज्याला कागदावर काय लिव्हलं व्हतं लोकांनी?"

हे गाडीतल्या कोणालाही विचारता आलं नसतं. त्यांनी विचारलं, आणि मला राग आला नाही. "जे लिहिलं होतं ते आजोबांनी धर्म बदलून स्वतः पुसलं, बाबा."

"सोताच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

"लई बेस केलं," बाबा म्हणाले.

मी सातवीत होते तेव्हापासून आमच्या विहाराच्या ओट्यावर बसून पत्रकं दुमडलेली आहेत. कागदावर लिहिलेला एक शब्द माणसाचं काय करतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आता पुन्हा त्या मंगळवाराकडे या.

मंगळवारी वस्तीत कोणी नव्हतं. झोपड्यांची दारं सुतळीने बांधलेली. चुली गार. माळावर पिवळं, आखूड गवत, आणि झिऱ्यावर दोन बगळे. त्या वेळी संस्थेला 'क्षेत्र-अभ्यास केंद्र' बांधायचं होतं, लेण्यांच्या रस्त्याला लागून, म्हणजे पाहुण्यांना सोयीचं. जागेची पाहणी करून फॉर्म भरायचा आणि तो कराराला जोडायचा होता.

मी सरांना म्हटलं, "सर, हे लोक दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली जातात. सिल्लोडच्या बाजूला कापूस-मका निघालेली वावरं असतात, तिथे मेंढरं बसवतात. शेताला खत, मेंढरांना चारा. पावसाला परत येतात."

"सध्याचा वापर विचारलाय," सर म्हणाले. "सध्या दिसतंय का कोणी?"

कोणी दिसत नव्हतं.

"मग?"

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात होती, तीही लिहिते. आमच्यापैकी दोघांना एका सत्रासाठी त्या थंड देशात पाठवणार होते. यादीत माझं नाव होतं. मला कोणी धमकी दिली नाही. गरजच पडली नाही. मी खूण केली, वेळ लिहिली आणि गाडीत बसले.

थंडी सरता सरता संस्थेच्या फलकावर केंद्राचा नकाशा लागला. हॉल, पाहुण्यांच्या बारा खोल्या, भोवती तारेचं कुंपण. कुंपणाच्या आत झिरा होता. त्याच्या कडेने चार बाकं काढली होती आणि वर लिहिलं होतं: शोभेचं तळं.

शोभेचं! पंधरा-वीस कोसांवरून परतणारी मेंढरं जिथे तोंड घालतात ते पाणी!

त्या रात्री नाही, त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. मी पत्रक फार चांगलं लिहिते. तीन ठिकाणी 'धिक्कार', दोन ठिकाणी 'जाहीर निषेध' आणि शेवटी उद्गारचिन्हांची रांग. ते घेऊन सिल्लोडची बस पकडली आणि विचारत विचारत बाबांना एका कापसाच्या वावरात गाठलं. पऱ्हाटी उपटलेली, मेंढरं बसलेली, बाबा बांधावर. मी उभ्यानेच पत्रक वाचून दाखवलं.

बाबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "ह्यात सवाल कुठं हाये?"

"बाबा, पत्रकात प्रश्न नसतात. मागण्या असतात. निषेध असतो."

"मंग त्येंनी उत्तर कशाचं द्यावं? धिक्काराला काय उत्तर अस्तंय?"

मी चिडले. "अहो, तुमचा माळ चाललाय! झिरा चाललाय! त्यांनी जमीन पडीक दाखवली!"

"कुनी लिव्हलं पडीक?"

"संस्थेनं."

"संस्थेला हात अस्त्यात व्हय?"

मी मेंढरांकडे पाहिलं. बाबांनी बोट वर करायला घेतलं होतं. ते अर्ध्यातच थांबलं आणि परत मांडीवर गेलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्येंनी मला बलीवलंय. सह्या व्हनार, सत्कार हाये म्हनं माझा."

"तुम्ही त्यांचा सत्कार घेणार?"

"शाल हाये की. थंडीला चालती."

मी परतीच्या बसमध्ये दात-ओठ खात बसले. म्हाताऱ्याला एका शालीत गुंडाळणार, असं वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी फाटकाबाहेर पत्रकं वाटत होते. लोक घेत होते आणि पायऱ्यांवर ठेवून आत जात होते. बाबा आले, डोक्याला स्वच्छ पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पहारेकऱ्याने अडवलं.

"काठी बाहेर ठेवा. कुठून आलात?"

"सिल्लोडहून. एक सवाल तुमचा झाला. तुमचं गाव कोंचं?"

दोन मिनिटांनी पहारेकरी स्वतः काठी हातात धरून बाबांना पहिल्या रांगेत बसवून आला. माझ्या पत्रकांनी सकाळभरात जे जमलं नव्हतं, ते बाबांनी फाटकावर केलं. पत्रकं पिशवीत कोंबून मी आत गेले, कारण दुभाषी मीच होते.

मंचावर संस्थेचे संचालक, आमचे सर, परदेशी बाई. टेबलावर दोन छोटे झेंडे, दोन जाड पेनं, आणि लाल फायलीत करार. बाबांना शाल दिली, नारळ दिला, आणि संचालक म्हणाले, "आता स्थानिक समाजाचे प्रतिनिधी दोन शब्द बोलतील." सगळ्यांना आभाराचे शब्द हवे होते. सभागृहात राजनय शिकणारी वीसेक मुलं वह्या उघडून बसली होती.

बाबा माइकपाशी गेले. बोट वर केलं.

"सवाल तुमचे लई झाले. म्या सगळ्याची उत्तरं दिली. आमचा एक शिल्लक ऱ्हायलाय, बाईंकडं." बोट बाईंकडे. "बाई, तुमचं घर आजून बंदच हाये ना?"

मी भाषांतर केलं. बाई गोंधळून म्हणाल्या, "हो."

"कुलूप हाये?"

"हो."

"मानूस न्हाई, चूल गार?"

"हो."

"मंग ते पडीक झालं. आमची दोनशे मेंढरं तिकडं आनून बसवू का?"

मी भाषांतर केलं. सभागृह खदखदून हसलं. संचालकही हसले. म्हाताऱ्याने काय गोड विनोद केला! बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लाल फाइल ओढली, शेवटचं पान काढलं, चष्मा वर करून वाचलं. सभागृहाचं हसू हळूहळू विझत गेलं. मग त्या पानावर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, आणि मी ते जसंच्या तसं लिहिते: "मी या माळावर बसून चहा प्यायले आहे. तिथे शेकडो मेंढ्या होत्या. हा फॉर्म कोणी भरला?"

बाबा थांबले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. हा प्रश्न मला मराठीत करायचा होता.

मी केला.

"हा सवाल माझा बी हाये," बाबा म्हणाले. बोट कोणाकडेच रोखलेलं नव्हतं.

मग मी उत्तर दिलं, दोन्ही भाषांत. मी भरला.

संचालक पुढे सरकले. "ही एक तांत्रिक बाब आहे. नंतर बघू. आधी सह्या..."

"थांबा, सायेब." बाबा वळलेसुद्धा नाहीत. "पोरीनं उत्तर दिलंय. आता पाळी तिची हाये. तिचा एक सवाल माझ्याकडं बाकी."

आयुष्यभर मी घोषणा दिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट प्रश्न विचारला. "बाबा, त्या जमिनीचा सध्याचा वापर काय?"

बाबांनी काठी मागितली. पहारेकरी मागून धावत आला. काठीवर दोन्ही हात ठेवून ते बोलले.

"आखाडात आमी परततो. सरावनात कोकरं व्हत्यात, तवा झिऱ्याच्या अंगाला बसतो, तिथं गवत मऊ. दसऱ्याआदी लोकर कातरतो. दिवाळी झाली की निघतो. कामून निघतो? गवताला इसावा पायजे. आमी बसूनच ऱ्हायलो तर दोन सालात निस्ती माती ऱ्हाईल तिथं. तुमाला जे रिकामं दिसलं ना, ती त्या माळाची निजायची येळ हाये. आमी नसतो, तो बी आमचा वापरच हाये."

मी लिहीत होते. त्याच फॉर्मवर, समासात, जागा संपली तेव्हा मागच्या बाजूला. शेवटी चार चौकोनांच्या खाली पेनाने पाचवा चौकोन काढला आणि त्यात खूण केली. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एके ठिकाणी थांबवलं: "दसऱ्याआदी म्हनलो म्या, दसऱ्याला न्हाई." दुरुस्त केलं. मग त्यांनी अंगठा उठवला.

बाईंनी टेबलावरच्या जाड पेनाला टोपण लावलं. आज मी सही करणार नाही, म्हणाल्या. आणि तेव्हा आमचे सर उठले, माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खूण तिने केली. करायला मी सांगितलं होतं."

पहिली टाळी पहारेकऱ्याची. मग राजनयाची सगळी वीस मुलं उभी राहिली. मी अनेक सभा पाहिल्यात, अशी टाळी ऐकलेली नाही. बाबा शाल सावरत खाली उतरले आणि मला म्हणाले, "नारळ तू घे. मला दात न्हाईत."

आपण जिंकलो. हे वाक्य लिहायला मिळावं म्हणून माझ्यासारखे लोक किती वर्षं पत्रकं वाटतात, ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. आपण जिंकलो. माळ वस्तीचा राहिला. झिऱ्याला कुंपण पडलं नाही. केंद्र झालं, पण ते शहरात, संस्थेच्याच एका बंद पडलेल्या वसतिगृहात, जे खरोखरच पडीक होतं आणि ज्याचा फॉर्म कधी कोणी भरला नव्हता.

करारही झाला. पण बाबांची अट होती, "आमी असताना करा." म्हणून दोन देशांच्या विद्यापीठांना मेंढरं परतेपर्यंत थांबावं लागलं. आषाढात माळावर, घोंगडीवर बसून सह्या झाल्या. करारात आता एक कलम आहे: प्रत्येक प्रश्नावलीला समोरासमोर दोन पानं असतील. डावीकडे आपले प्रश्न, उजवीकडे उत्तर देणाऱ्याचे. उजवं पान कोरं असेल तर प्रश्नावली ग्राह्य धरली जाणार नाही. तिकडच्या राजनयाच्या वर्गात पहिल्या आठवड्याचा सराव हाच असतो. त्यांनी व्हिडिओ पाठवला होता. लोकरीच्या टोप्या घातलेली बारा पोरं-पोरी एकमेकांसमोर बसलीत, उत्तर देतात, आणि बोट वळवून छातीला लावतात. मी तो बाबांना फोनवर दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"त्या टोपीवाल्यानं डावं बोट धरलंय," ते म्हणाले. "सांग त्याला."

सांगितलं.

परदेशी जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव सत्काराच्या दिवशी संध्याकाळीच गेलं होतं. ते बाईंनी आणि सरांनी मिळून परत घातलं. येत्या सत्राला मी जातेय. निघण्याआधी बाबांना भेटायला वस्तीवर गेले, तर दारं सुतळीने बांधलेली. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. पोरांनी त्यांना म्हणे सांगितलं होतं, या वर्षी तुम्ही राहा, गुडघे दुखतात. ते काठी घेऊन कळपाच्या मागे चालायला लागले, आणि लंगडं मेंढरू होतं त्याच्याबरोबर गेले. माझ्यासाठी शेजारच्या चहावाल्याकडे एक सवाल ठेवून गेले: तिकडच्या डोंगरात झरा असेल, तर त्यावर कुनाची जनावरं पानी पितात, ते बघून ये.

बघून येईन, बाबा. आणि सांगायला आषाढात येईन, तुम्ही असताना.

मी झिऱ्यापाशी बराच वेळ बसले. बगळे होते. आखूड, पिवळं गवत होतं. माणूस एकही नव्हता, आणि तरी त्या माळावर कुठेही बसताना मला वाटत होतं की विचारून बसावं.

आता तुम्ही. होय, तुम्हीच, हे वाचणारे. तुमच्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी सर्वेक्षणाला जातं, कोणी नुसतंच लेणी बघायला गाडी काढतं. फर्दापूर यायच्या आधी डाव्या हाताला तो माळ दिसेल. कोणी दिसत नाही म्हणून तिथे कोणी नाही, असं म्हणू नका आणि लिहू तर मुळीच नका. गाडी थांबवा. चहावाल्याला विचारा ही माणसं कधी परततात, आणि तेव्हा पुन्हा या. प्रश्न विचारा, उत्तर पूर्ण ऐका. मग पेन खाली ठेवा आणि गप्प बसा. पुढचा सवाल त्यांचा आहे.